धुलाईघरातला बगळा

नवा साहेब आला त्या दिवशी धुलाईघरात कुणी त्याला बसायला खुर्ची दिली नाही, आणि त्यानंही मागितली नाही. मालक त्याला घेऊन आत आले, वाफेनं धुरकटलेला चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत म्हणाले, "हे आपल्या कामात सुधारणा करणार आहेत. सगळ्यांनी सांभाळून घ्या," आणि आले तसे निघून गेले. कसली सुधारणा, कशासाठी, कुणाची, याबद्दल अवाक्षर नाही.

साहेब उंच, किडकिडीत, पांढऱ्या शर्टातला. गरम रोलरजवळच्या खांबाला पाठ टेकून, एक पाय दुमडून मागे लावून तो जो उभा राहिला, तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलला नाही. नुसता बघत होता. कोण कुठून कुठे जातं, कोण कुणासाठी खोळंबतं, कुठली ढकलगाडी कुठे अडते.

"बगळा आहे," घडीच्या टेबलावरून वन्सं म्हणाल्या. मान वर न करता, हातातली चादर न थांबवता. "डोळे मिटल्यासारखा उभा राहतो बघा. मासा टप्प्यात आला की मग कळेल कुणाचं ध्यान कसलं ते."

टेबलावर हशा पिकला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे बॉयलरवालेदादा त्याच्या तोंडावर एकदा चुकून "अहो बगळेसाहेब" म्हणून गेले, तर तो फक्त हसला. त्या हसण्याचाही लोकांना संशय आला.

वहिनीची जागा रोलरच्या पलीकडे होती. दोन रुग्णालयं आणि शहरातली बरीचशी हॉटेलं यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल इथे धुवायला यायचे. रोलरमधून इस्त्री होऊन चादर बाहेर पडली की डाग राहिला का, कुठे विरली का, फाटली का, हे दिव्यावर धरून बघायचं आणि बरी असेल ती घडीच्या टेबलाकडे सोडायची, हे तिचं काम. घडीचं टेबल वन्संचं. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. स्वतःचा नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. धुलाईघरात आधी त्या लागल्या आणि मागून "ही माझी वहिनी, कामाला वाघ आहे" म्हणून हिला घेऊन आल्या. तेव्हापासून मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनीच झाली. आणि वन्सं सगळ्यांच्या ताई. ताईंचं तोंड फटकळ, पण हात असा चालायचा की मोठी चादर दोघींच्या मध्ये पाण्यासारखी दुमडत जायची. त्यांच्या शब्दाबाहेर टेबलावरची एकही बाई जात नसे.

बगळ्याबद्दल पहिली पक्की बातमी आणली ती गाडीवाल्यानं. तो गावभर माल पोचवायचा, त्यामुळे त्याच्या बातमीत तथ्य असतं असा सगळ्यांचा समज. टपावरची गाठोडी उतरवता उतरवता तो म्हणाला, "हा माणूस मी ओळखतो. बाटल्यांच्या कारखान्यात होता. तिथंही असाच आला, गोड बोलला, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या ओढल्या. आणि पट्ट्या वाळतात न वाळतात तोच निम्मी माणसं घरी."

"निम्मी?" रोलरवरच्या उंच बाईनं विचारलं.

"माझा मेहुणा त्यातलाच. विचारा जाऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईघराच्या जमिनीवर पिवळ्या पट्ट्या होत्या.

वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. घरी तिच्या नवऱ्याचं काम कधी असे, कधी नसे. घर चालायचं ते या दोन बायकांवर. तिनं ठरवलं, आपण खाली मान घालून काम करायचं, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, ताकसुद्धा फुंकून प्यायचं. पण नेमका तिच्याकडेच तो आला.

"वहिनी, फाटकी चादर निघाली की तुम्ही ती घेऊन कुठे जाता?"

"शिंपीकाकांकडे."

"ते तर पार दुसऱ्या टोकाला बसतात. मधून सगळ्या गाड्या जातात."

"हो."

"असं का?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. असं का म्हणजे? शिंप्याचं मशीन त्या टोकाला होतं म्हणून. आधीपासून होतं म्हणून. एखादा तुमच्या घरात येऊन चूल इथेच का म्हणून विचारेल, तसा तो प्रश्न. "मालकांना विचारा," ती म्हणाली.

त्यानं मालकांना विचारलं की नाही देव जाणे, पण दोन दिवसांत शिंपीकाका मशीनसकट तिच्या शेजारी येऊन बसले. काकांना खिडकी मिळाली म्हणून ते खूश. वहिनीची तर सारी पायपीटच गेली. संध्याकाळी घरी जाताना पोटऱ्या दगडासारख्या होत, त्या झाल्या नाहीत. पण हे बोलायचं कुणाजवळ? जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन बायकांत बसली, तर चाललेलं बोलणं एकदम थांबलं. कुणीतरी उगाच पाण्याची बाटली पुढे केली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"कुठे काय," उंच बाई म्हणाली. "तुझं मशीन छान बसलं शेजारी."

"मी नाही सांगितलं त्याला."

"नसशील. आम्हीही कुणी काही सांगितलं नाही. आमच्या शेजारी मात्र कुणी काही आणून ठेवलं नाही."

वन्सं डब्यातला घास चावत होत्या. त्यांनी घास गिळला, झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाल्या, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. झाड तोडायला लोखंड एकटं पुरत नाही, दांडा लागतो. आणि दांडा लाकडाचाच असतो."

एका घरात राहणाऱ्या, एका चुलीवरचं खाणाऱ्या नणंदेनं चारचौघींत असं बोलावं! वहिनीनं अर्धा डबा तसाच बंद केला. त्या दिवशी दोघी घरी गेल्या त्या एकाच रस्त्यानं, पण एक पुढे आणि एक मागे.

त्यानंतर धुलाईघराची हवाच बदलली. रुग्णालयाच्या चादरींना हिरवी किनार असे, हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र. बगळ्यानं दोन्हींच्या गठ्ठ्यांना वेगवेगळ्या रंगांच्या फिती बांधायला लावल्या, म्हणजे गाडीत चढवताना घोटाळा नको. लोकांनी फिती बांधल्या, पण अशा की जणू स्वतःच्या गळ्याला बांधताहेत. तो जवळ आला की हात सावकाश चालत, लांब गेला की भराभर. "उद्या हाच वेग धरून हिशेब मांडेल आणि म्हणेल, चौघींचं काम तिघी करतील," असं त्यामागचं शहाणपण. बॉयलरवालेदादा तर वाफेचे दोन नळ दुरुस्त असूनही एकच चालवायचे. मालक वरच्या मजल्यावरच्या काचेतून बघायचे आणि त्यांना वाटायचं, माणसं शिकताहेत.

मग एके दिवशी बगळ्यानं सगळ्यांना जमवून सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून प्रत्येकानं प्रत्येक जागेवर आळीपाळीनं काम करायचं. घडीवाल्यांनी रोलरवर, रोलरवाल्यांनी तपासणीवर. "म्हणजे कुणी आजारी पडलं तर काम अडणार नाही," तो म्हणाला. "आणि एकाच हालचालीनं अंग धरतं, तेही होणार नाही."

"आमचं अंग आमच्याजवळ आहे," वन्संचा आवाज असा चढला की शिंपीकाकांनी मशीन थांबवलं. "मी घडीच्या टेबलावरून हलणार नाही. ज्यांना हलायची हौस असेल त्यांनी हलावं."

"ताई, शिकवायला वेळ देऊ आपण. कुणालाही लगेच—"

"मला शिकवणार तुम्ही?"

वहिनीला आश्चर्य वाटलं. वन्सं चिडक्या होत्या, पण कामाला कधी नाही म्हणणाऱ्या नव्हत्या. पूर्वी रोलर बंद पडला तर त्याच धावून जायच्या. हा गर्व की आणखी काही? घरी विचारायची सोय नव्हती. घरी दोघींमध्ये आता मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं उरलं होतं.

आणि मग तो प्रकार सुरू झाला.

एका मोठ्या हॉटेलातून फोन आला. पाहुण्याच्या पलंगावर हिरव्या किनारीची चादर निघाली होती, वर रुग्णालयाचा शिक्का. चादर स्वच्छ होती, उकळून निघालेली होती, पण पाहुण्याला ते कोण सांगणार? मालकांनी खालच्या आवाजात ताकीद दिली. दोन दिवसांनी दुसऱ्या हॉटेलातून फोन. मग तिसऱ्यातून. आता मालकांचा आवाज खालचा राहिला नाही. "इतकी वर्षं असं झालं नाही, आणि आता रंगीत फिती बांधून होतंय? कोण करतंय हे? शुक्रवारी सगळ्यांना विचारणार आहे. नाव कळलंच पाहिजे."

झालं, जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बघायला लागला. कुणी म्हणालं, रोलरवरून चुकतंय. रोलरवाल्या म्हणाल्या, तपासणीवर वहिनी झोपा काढते. शिंपीकाका, जे कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, ते कानाशी लागून म्हणाले, "मला विचाराल तर हा बगळ्याचाच डाव. घोटाळा त्यानंच करायचा आणि त्यावरून माणसं काढायची. चोर सोडून संन्याशाला फाशी." वहिनीला हे पटलं. कारण तिच्या दिव्याखालून गेलेली प्रत्येक हिरवी चादर तिनं रुग्णालयाच्या मालाच्या ढकलगाडीतच टाकलेली होती, आणि पुढचं टेबल तर वन्संचं. तिथे चूक होणं शक्य नव्हतं. म्हणजे घडीनंतर, रात्रभर गठ्ठे पडून असतात तेव्हा, कुणीतरी मुद्दाम. आणि सर्वांत उशिरा जायचा तो बगळा.

तिनं त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. तो गठ्ठ्यांजवळ वाकला की हिचा हात थांबे. त्यानं एक फीत सोडून परत बांधली, तर तिनं मान उंचावून पाहिलं. पण सापडलं वेगळंच. दुपारच्या चहाआधी, टेबलावरच्या बाकीच्या पाणी प्यायला गेलेल्या असताना, वन्संनी इकडेतिकडे पाहिलं. डाव्या हातानं हिरव्या किनारीची एक चादर उचलली, आधीच घडी घातलेली, किनार आत दुमडलेली. पांढऱ्या गठ्ठ्याच्या मधोमध सरकवली. वरून थोपटली. फीत बांधली.

वहिनीच्या हातातला अभ्रा तसाच राहिला. तिनं चटकन नजर फिरवली, आणि ती सरळ बगळ्याच्या नजरेत जाऊन पडली. तो खांबाशी उभा होता. त्यानंही पाहिलं होतं. एक क्षण दोघं एकमेकांकडे बघत राहिली, मग तोच आधी दुसरीकडे वळला.

त्या दिवशी ती वाट बघत राहिली. आता हा वर जाईल, आता मालक खाली येतील, आता वन्संना हाक मारतील. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो नेहमीसारखा येत होता, बघत होता, वन्संना "नमस्कार ताई" म्हणत होता. गठ्ठा मात्र गाडीत चढण्याआधी त्यानं गुपचूप सोडला होता आणि चादर बाजूला काढली होती, हे तिनं पाहिलं. मग बोलत का नाही हा? न बोलणारा माणूस बोलणाऱ्यापेक्षा वाईट. हा पत्ता राखून ठेवतोय. शुक्रवारी टाकेल. किंवा त्याहून वाईट, आपल्याला येऊन म्हणेल, मी तुमच्या नणंदेचं नाव घेत नाही, तुम्ही मला अमक्यातमक्यांची नावं द्या.

शेवटी तिलाच राहवलं नाही. बॉयलरच्या मागे, जिथे आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, तिथे तिनं त्याला गाठलं.

"तुम्ही पाहिलंत."

"हो."

"मग गप्प का?"

"तुम्हीही गप्पच आहात की."

"ती माझी नणंद आहे. तुमची कोण लागते?"

तो ओशाळून हसला. "कुणी नाही. मला वाटलं, तुम्हीच आधी बोलाल त्यांच्याशी."

"मला सरळ सांगा. बाटल्यांच्या कारखान्यात तुम्ही होता का?"

वाफेच्या नळीला हात लागला तसा त्यानं हात झटकला. "होतो. निम्मी माणसं गेली, तेही खरं आहे. मी त्यांना काम कमी दमछाकीत करायला शिकवलं. ती शिकली. काम लवकर व्हायला लागलं. मग तिथल्या मालकांनी मला न विचारता माणसं काढली. मी म्हणालो होतो, असं करू नका. पण माझं म्हणणं मी एकट्यानं, त्यांच्या खोलीत, दार लावून सांगितलं होतं. बाहेर कुणाला काय माहीत?"

"मग इथं वेगळं काय होणार?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा त्याचं एखादं वाक्य खरं वाटलं. पण पुढचं वाक्य तिला भाजून गेलं.

"वहिनी, ताईंचा उजवा हात कधीपासून वर जात नाही?"

"काय?"

"खांद्याच्या वर. वरच्या फळीवर गठ्ठा ठेवायचा असला की त्या दुसरीला ओरडतात. चादर झटकताना वरचं टोक नेहमी समोरची धरते. मी टेबलाची उंची बघत होतो, तेव्हा लक्षात आलं. रोलरवर तर ओली चादर डोक्याच्या वर उचलून घालावी लागते. म्हणून मला वाटलं... तुम्हाला माहीत असेल."

तिला माहीत नव्हतं. तिला काहीच माहीत नव्हतं.

घरी जाताना एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे यायला लागली. वन्संनी दोरीवर कपडे वाळत घालायचं सोडलं होतं. ही समजली होती, नखरे. कंबरेपर्यंतचे केस त्यांनी मानेपर्यंत कापून आणले, तेव्हा हिनं नवऱ्याजवळ नाक मुरडलं होतं, "या वयात हौस बघा." अंबाडा बांधायला दोन्ही हात मागे न्यावे लागतात, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तरी तिचा अजून विश्वास बसेना. परक्या माणसाला दिसतं आणि आपल्याला दिसत नाही? की तो आपल्याला घोळात घेतोय?

म्हणून तिनं जे केलं ते काही चांगलं केलं नाही. स्वयंपाकघरात वन्सं भाजी निवडत होत्या. ही चुलीशी उभी राहून म्हणाली, "वन्सं, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा देता का? माझे हात खरकटे आहेत."

वन्संनी फळीकडे पाहिलं. मग हिच्याकडे. उठल्या. डावा हात वर केला, पण डबा मोठा होता, एका हातात मावणारा नव्हता. त्यांनी तो बोटांनी कडेला ओढला. उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. चेहरा पांढरा पडला. डबा निसटला, झाकण उडालं, साखर फरशीभर झाली.

"तुझे हात कोरडे आहेत," वन्सं म्हणाल्या.

वहिनीनं हात पदराआड घेतले.

"त्यानं पाठवलं का गं तुला? परीक्षा घेऊन ये म्हणून?"

"नाही. पण त्यानं मला सांगितलं. आणि चादरीचंही मी डोळ्यांनी पाहिलं."

वन्सं खाली बसल्या, साखरेतच. "मग सांग जा शुक्रवारी. दांड्याचं काम पूर्ण कर."

"अहो, एवढं दुखत होतं तर बोलायचं नाही का? घरात माणसं आहोत ना आम्ही?"

"काय बोलू? भावाच्या घरी राहते. हात चालतोय तोवर ताई, हात थांबला की ओझं. घर फिरलं की वासे फिरतात, हे मी एकदा पाहिलंय. सासरी पाहिलंय." त्यांचा आवाज चिरकला. "मला वाटलं, फितींचा घोटाळा झाला की ते सगळंच गुंडाळून ठेवतील. बगळा उडून जाईल, मी माझ्या टेबलावर राहीन. टेबलावर समोरची बाई वरचं टोक धरते. कुणाला कळत नाही."

"आणि संशय माझ्यावर आला. तपासणीवर मी आहे."

हे वन्संना माहीत होतं, आणि तरी त्यांनी केलं होतं. वहिनीला तेच लागलं. तिनं झाडू आणला आणि साखर गोळा केली. मी सांगणार नाही, असं ती म्हणाली नाही. सांगेन, असंही नाही. तिचं तिलाच ठरत नव्हतं.

शुक्रवारी मशीनं बंद करून सगळ्यांना रोलरसमोर उभं केलं. मशीनं बंद झाली की धुलाईघरात पाण्याचे थेंबसुद्धा ऐकू येतात. मालक मध्यभागी, बगळा त्यांच्या बाजूला. "हं," मालक म्हणाले, "कुणी पाहिलंय का काही? घाबरू नका. बोला."

वन्सं जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीकडे बघत होत्या. उंच बाई वहिनीकडे बघत होती. अर्धं धुलाईघर वहिनीकडेच बघत होतं. वहिनीला वाटलं, बगळा आता तोंड उघडणार. त्यानं उघडायच्या आत आपणच काहीतरी बोलायला हवं, नाहीतर उशीर होईल.

"मालक, मी एक विचारू?"

"नाव सांगायचंय?"

"नाही, विचारायचंय. उद्या आळीपाळीनं काम सुरू झालं आणि एखादीला एखादं काम जमलंच नाही, शरीरानं जमलं नाही, तर तिचं काय करणार?"

मालक गोंधळले. "हा प्रश्न आत्ता कुठून आला?"

"तो पहिल्या दिवसापासून आहे. विचारला कुणी नव्हता."

"बघू की. वेळ आली की बघू."

"बघू म्हणजे काढू का?" शिंपीकाका मागून म्हणाले. ते बोलले याचंच सगळ्यांना नवल वाटलं. मग कुजबूज सुरू झाली, बाटल्यांचा कारखाना असे शब्द ऐकू यायला लागले, आणि मालकांचा चेहरा लाल झाला. "चादरी कोण मिसळतंय ते आधी सांगा!"

"मी एक बोलतो," बगळा म्हणाला. "मागच्या ठिकाणी माझ्यामागून माणसं काढली गेली. लोक म्हणतात ते खरं आहे. त्यानंतर तिथे उरलेल्यांनी चुका सांगायचं सोडलं. कुठे गळतंय, कुठे अडतंय, कुणी काही बोलेना. तो कारखाना आता बंद आहे. मालक, इथे कामाच्या बदलापायी कुणाला काढणार नाही, हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत तर मी पुढचं काम करेन. नाहीतर आजच निघतो."

"हे तुम्ही मला वर येऊन सांगायला हवं होतं," मालक दात आवळून म्हणाले.

"वर सांगून पाहिलंय. मागच्या ठिकाणी."

मालक बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्यांना राग आला होता, पण दारात तीन हॉटेलांचा तुंबलेला माल होता आणि समोर बंद मशीनं. "बरं," ते अखेर म्हणाले. "बदलापायी कुणाला काढणार नाही. झालं समाधान? आता नाव."

"माझं," वन्सं म्हणाल्या. "मी मिसळल्या."

कुणाला खरं वाटेना. उंच बाई तर हसलीच. मग वन्संनी उजवा हात वर करून दाखवला, जेवढा जात होता तेवढा. छातीपर्यंत. त्यानंतर कुणी हसलं नाही.

पण म्हणून सगळ्यांनी त्यांना पोटाशी धरलं असंही झालं नाही. मालकांनी त्यांना पुढे सांगेपर्यंत घरी बसायला सांगितलं. बदलापायी नव्हे, हॉटेलांपुढे मान खाली घालायला लावली म्हणून. बायका तर जास्त चिडल्या होत्या. आठवडाभर त्यांनी एकमेकींना पाण्यात पाहिलं होतं, ते कुणापायी? उंच बाई म्हणाली, "मी वहिनीला नाही नाही ते बोलले. ताईंमुळे." तरी तिनं वहिनीची माफी काही मागितली नाही. फक्त डबा तिच्या शेजारी उघडायला लागली.

घरी वन्सं खिडकीशी बसून राहायच्या. भावाला सगळं कळलं तेव्हा तो रागावला नाही, घाबरला. त्यानंच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. खांदा आतून आखडला होता. बरा होईल, पण सावकाश, आणि रोज व्यायाम करून, असं डॉक्टर म्हणाले. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. वन्सं ते करताना डोळ्यांतून पाणी काढायच्या आणि वहिनीला म्हणायच्या, "बघू नकोस." वहिनी बघायची नाही. पण त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेरही जायची नाही.

इकडे धुलाईघरात गोष्टी हळूहळू मार्गाला लागल्या. सगळ्याच नाही. पिवळ्या पट्ट्या ओल्या चाकांखाली पुसल्या गेल्या, पुन्हा कुणी ओढल्या नाहीत. फिती तर बगळ्यानं स्वतःच काढून टाकल्या. बायकांनी सुचवलं, सकाळी रुग्णालयाचा माल संपवू आणि मग हॉटेलचा लावू, एकाच वेळी दोन्ही आत नकोतच. तो म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं." "तुम्ही विचारलं नव्हतं," बॉयलरवालेदादा म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी दुसरा नळही सोडला. आळीपाळी सुरू झाली, पण कुणी कुठे जायचं हे आधी त्या-त्या टेबलावर बोलून. एका टेबलाची उंची कमी केली, वरच्या फळ्या रिकाम्या केल्या. संशय मात्र असा एका दिवसात जात नाही. बगळा कुणाशी दोन मिनिटं जास्त बोलला की अजूनही माना वळायच्या.

ताईंना परत घ्यायचं का, हे मालकांनी घडीच्या टेबलालाच विचारलं. तीही बगळ्याचीच कल्पना. दोघी हो म्हणाल्या, एक नाही म्हणाली, उंच बाई म्हणाली, "मला काय विचारता, मी रोलरवर आहे," आणि मग म्हणाली, "घ्या."

वन्सं परत आल्या त्या घडीवर नाही, गाठोडी आत येतात त्या दारावर. बसून काम. कुठला माल कुठून आला, मोजून घ्यायचा, वेगळा लावायचा. पहिल्याच सकाळी त्यांनी गाडीवाल्याला असं फैलावर घेतलं की त्याचा आवाज आतपर्यंत आला. "गाठ कुणी मारायची? तुझ्या मेहुण्यानं?" रोलरवर हसू फुटलं. थोडंच, पण फुटलं.

दुपारी हॉटेलच्या चादरी रोलरमधून यायला लागल्या. वहिनी एकेक दिव्यावर धरत होती. डाग बघायचा, विरलेली जागा बघायची. आणि तिच्या लक्षात आलं, की आपण आणखी काहीतरी बघतोय. प्रत्येक चादरीची किनार आपण उलटून बघतोय. वन्संच्या दारातून आलेली प्रत्येक चादर. पांढरी, पांढरी, पांढरी. तिला स्वतःची लाज वाटली, पण हात थांबेना.

चहाच्या वेळी वन्सं आत आल्या, ते तिला कळलं नाही. त्या शिंपीकाकांच्या मशीनजवळ उभ्या राहून तिच्या बोटांकडे बघत होत्या.

वहिनीनं चादर झटकन खाली ठेवली. "वन्सं, मी आपली अशीच..."

"बघ," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या जागी मी असते तर मीही बघितलं असतं." मग त्यांनी डाव्या हातानं चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि आपला पेला घेऊन दाराकडे वळल्या. दोन पावलं जाऊन थांबल्या. "पण चहा गार करू नकोस. पिऊन घे आणि मग बघ."